रेन्जीची ठकठक

शंख वाजला आणि सगळा घाट गप्प झाला.

जपानमधल्या आमच्या कागेसावा घाटात तिसरा बोगदा संपला की एकच सरळ चढ लागतो. त्या रविवारी सकाळी त्या चढाच्या कडेला अख्खं गाव लोटलं होतं. म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले, बाया पोरांना पाठीमागे घेऊन उभ्या, आणि आमची गाडीवाली पोरं, ज्यांची तोंडं एरवी झोपेतसुद्धा बंद नसतात, ती हात जोडून रांगेत. मधोमध पांढऱ्या वस्त्रांतले, भुतं उतरवणारे गेंकाई गुरुजी, छातीवर लोकरीचे गोंडे, हातात भला मोठा शंख. त्यांच्या मागे जिझोची बुटकी दगडी मूर्ती होती, गळ्यात लाल लाळेरं बांधलेली. मेलेल्या लेकरांना सांभाळणारा हा देव आमच्याकडे वळणावळणावर बसलेला असतो. ही मूर्ती मात्र तीनच वर्षांपूर्वीची, हात्सुए काकूंनी बसवलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा रेन्जी इथूनच गाडीसकट दरीत गेला होता.

"ऐका," गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "तो उठलाय."

खालून तोमोहारूची गाडी येत होती. तोमोहारू कौलं बसवायचं काम करतो, आणि कमाई सगळी गाडीच्या पोटात घालतो. मोठा टर्बो, मोठा पंप, सगळं बदललेलं. गाडी बोगद्यातून बाहेर पडली, त्याने चढावर पाय दाबला, आणि इंजिनाच्या आवाजाच्या आतून दुसराच एक आवाज यायला लागला. ठकठकठकठक. बंद लोखंडी दारावर आतून कुणी बोटांनी वाजवावं तसा.

एक बाई खाली बसली. कुणीतरी रडायला लागलं. तोमोहारूने घाबरून पाय उचलला आणि ठकठक तिथल्या तिथे थांबली.

माझ्या अंगावर काटा आला, हे आधीच सांगून टाकते. मी शिहो नुकागा. घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे, वडिलांच्या वेळेपासून. देव मी कामापुरता मानते आणि भुतं अजिबात मानत नाही. पण ती गाडी दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः तपासली होती. इंजिन असं ठोकायला लागलं तर गॅरेजवाल्याला पहिला संशय येतो पेट्रोलचा, की ते कमी पडतंय. मी पेट्रोलचा दाब पाहिला होता. जिथे काटा हवा, बरोब्बर तिथेच होता.

"रेन्जी दार ठोठावतोय," गुरुजी म्हणाले. "पोरगा जातानाही घाईत होता, अजूनही घाईतच आहे. ब्रह्मांडाच्या सात कंपनांपैकी पाचव्या कंपनात तो अडकलाय. त्याला सोबती हवाय. वेगवान सोबती."

आता पाचवंच कंपन का, चौथं का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गुरुजींनी गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिनावरच्या एका काडीएवढ्या रबरी नळीवर त्यांची पांढरी दोरी बांधलेली होती, तिला कागदाच्या झुरमुळ्या. गावातल्या सगळ्या गाड्यांना त्यांनीच बांधल्या होत्या त्या. "ही गाडीची श्वासनाडी," असं ते सांगत. त्यांनी मंत्र पुटपुटले, दोरी सोडली, पुन्हा बांधली आणि तोमोहारूला म्हणाले, "जा. आता तो एक फेरी शांत बसेल."

तोमोहारू पांढराफटक पडला होता, पण गेला. बोगद्यापर्यंत खाली जाऊन वळून परत आला. चढावर पाय दाबला. गाडी नुसती सणाणत वर गेली, ठकठक नाही की काही नाही. शंभर माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला. म्हाताऱ्यांनी गुडघे टेकले.

गुरुजींनी गाडी पुन्हा जवळ बोलावली. पुन्हा मंत्र, पुन्हा दोरीला हात. "मी त्याला एका फेरीपुरता धरून ठेवला होता," ते म्हणाले. "मीही माणूसच आहे, हात दुखतात. कायमचा उपाय एकच. त्याच्या अस्थी घराण्याच्या समाधीत आहेत, म्हणून तो या गावाला चिकटलाय. येत्या रविवारी कलश बाहेर काढायचा आणि धरणाच्या पाण्यात सोडायचा. ही मूर्ती फोडायची. त्याचं नाव घरातल्या देव्हाऱ्यातून पुसायचं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. हात्सुए काकू गर्दीच्या शेवटी उभ्या होत्या. साठी उलटलेली, राखाडी स्वेटर, हातात कापडी पिशवी. गावसमितीचे अध्यक्ष कुरातानी-सान त्यांच्यापाशी गेले आणि कमरेत वाकले.

"हात्सुए-सान, फार अवघड गोष्ट मागतोय. पण तरुण पोरांचा प्रश्न आहे हो. उद्या कुणाचं काही झालं तर?"

काकूंनी खाली बघितलं. "माझ्या मुलामुळे सगळ्यांना त्रास होतोय," त्या म्हणाल्या. "मी माफी मागते." आणि गर्दीपुढे वाकल्या, इतक्या खाली की मला बघवेना. पोरगा गेल्यावर आईने पोराच्या वतीने माफी मागायची. मला इतका राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. कारण ठकठक मीही ऐकली होती.

*

संध्याकाळ व्हायच्या आत तोमोहारू गाडी घेऊन माझ्या दारात हजर.

"शिहो-सान, परत वाजलं. घरी जाताना जरा चढावर पाय दिला तर परत." त्याने किल्ली माझ्या हातात कोंबली. "गाडी तुमच्याकडेच राहू दे. मला ती घरासमोर नकोय."

"अरे, गाडी म्हणजे काय पिसाळलेलं कुत्रं आहे का?"

"कुत्रं परवडलं. गेल्या महिन्यात त्या पोस्टातल्या पोराच्या पिस्टनला भोक पडलं, ते तुम्हीच काढलंत ना? बोट घालून पाडल्यासारखं भोक. गुरुजी म्हणाले, ते रेन्जीचं बोट."

ते भोक मी पाहिलं होतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आत भलत्या वेळी स्फोट होतात. त्याचीच ठकठक ऐकू येते आणि त्याच उष्णतेने पिस्टन वितळतो. हे मला ठाऊक होतं. पण त्या पोराच्या गाडीतही पेट्रोलचा दाब मला बरोबरच सापडला होता. तिथेच माझी अक्कल संपत होती.

दुसऱ्या दिवशी मी तोमोहारूची गाडी पुन्हा घेतली. थोडक्यात सांगते. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. जितकी हवा कोंबली जाईल, तितकंच पेट्रोलही जोर लावून आत गेलं पाहिजे. म्हणून पेट्रोलच्या वाटेवर एक झडप असते, आणि इंजिनातल्या हवेचा जोर किती आहे हे त्या झडपेला एक बारीक रबरी नळी कळवत असते. दाब तपासायची रीत कुठल्याही गॅरेजात एकच. ती नळी झडपेवरून उपसायची, तिचं तोंड बुजवायचं, गाडी नुसती चालू ठेवायची आणि काटा तीनवर आणायचा. मग नळी परत लावायची, म्हणजे काटा अडीचच्या आसपास उतरतो. झालं काम.

मी नळी उपसली. काटा तीनवर. नळी लावली. काटा हळूहळू, अगदी म्हातारं माणूस जिना उतरतं तसा, अडीचवर आला. मीटर जुनं झालंय, असं मनात म्हटलं आणि बॉनेट लावलं. गुरुजींची दोरी नळीवर तशीच होती. गिऱ्हाईकाच्या ताईताला हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. वडिलांनी मला स्क्रू आवळायच्या आधी ती शिकवली होती. कुणाचं मन दुखावायला आपण बसलेलो नाही.

मग मी एकटीच ती गाडी घेऊन घाटात गेले. दुपार होती, पण ढग खाली उतरले होते. बोगद्यातून बाहेर पडले तर समोर पांढरं सगळं, आणि त्यात ते लाल लाळेरं तेवढं दिसत होतं. मी पाय दाबला.

ठकठकठकठक.

बाहेर उभं राहून ऐकणं वेगळं आणि आत बसून ऐकणं वेगळं. आवाज माझ्या पायांतून वर येत होता. मी पाय उचलला. थांबला. पुन्हा दाबला. ठकठक. माझं म्हणणं कुणीतरी ऐकत होतं आणि उत्तर देत होतं, असंच वाटलं मला. रेन्जीला मी पोरवयापासून ओळखत होते. गॅरेजच्या दारात येऊन तो असाच शटरवर बोटं वाजवायचा, मला ताई मानून हाक मारायचा, "शिहो नेसान, चहा झाला का?" परत येताना मूर्तीपाशी मी पाय उचलला आणि मान झुकवली. कुणी बघत नव्हतं, तरी झुकवली.

गॅरेजात आले तर हात्सुए काकू बाकावर बसल्या होत्या. पिशवीतून भाताचे गोळे काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मला खाववेना.

"तूही ऐकलंस," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

"ऐकलं, काकू."

"मग एक सांग. तू त्याला ओळखायचीस. तो असं करेल का? रागीट होता, मान्य. माझ्याशी भांडायचा. पण दुसऱ्याच्या लेकराला दरीत ओढेल, असा होता का तो?"

"नव्हता," मी म्हटलं.

"मलाही असंच वाटतं. पण मी आई आहे ना, माझ्या वाटण्याला कोण विचारतं." त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "कलश द्यायचा तर देईन गं. पण तो तसा नव्हता हे कुणीतरी एकदा म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

त्या बोलत असताना गिरणीचा लाकडं वाहणारा ट्रक समोरून घाटाकडे चढत होता. त्याच्या समोरच्या जाळीतूनही कागदाच्या झुरमुळ्या दिसत होत्या. दिवसातून चार खेपा करतो तो ट्रक, त्याच जागेवरून. मी त्या झुरमुळ्यांकडे बघत राहिले.

"काकू, गिरणीच्या ट्रकला कधी ठकठक झाल्याचं ऐकलंत?"

"नाही बाई. गुरुजी म्हणतात, त्याला वेगवान गाड्याच लागतात."

"गावातल्या साध्या गाड्यांना?"

"त्यांनाही नाही."

म्हणजे भूत भलतंच चोखंदळ होतं. टर्बो असेल तरच यायचं. तेही पाय दाबला तर, आणि पाय उचलला की लगेच निघून जायचं. भूत असं मापात वागतं का? मापात वागणारी गोष्ट मापता येते. भीती अजून होती, पण डोकं चालायला लागलं. आजारी माणूस खुर्चीत बसलेला असताना धडधाकट वाटतो, दम लागतो तो जिना चढताना. मग नाडी जिन्यावरच बघायला हवी. मी मात्र आतापर्यंत प्रत्येक गाडी गॅरेजात उभी करूनच तपासली होती. तीही नळी काढून ठेवून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाबाचं मीटर लांब पाइपाने बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलं आणि समोरच्या काचेवर पट्टीने चिकटवलं, म्हणजे आत बसून काटा दिसेल. पण घाटात मी रस्ता बघू की काटा? तोमोहारूला म्हटलं, बस बाजूला.

"हवं तर बिल दुप्पट लावा," तो म्हणाला, "पण मी त्या गाडीत बसणार नाही."

"मी बसते," हात्सुए काकू म्हणाल्या. त्या लाळेरं बदलायला घाटातच निघाल्या होत्या, दर आठवड्याला जातात तशा.

"काकू, नको. आवाज ऐकवणार नाही तुम्हाला."

"सगळ्या गावाने ऐकला माझा मुलगा. मीच नाही ऐकला अजून जवळून." त्या दार उघडून बसल्यासुद्धा. "काय वाचायचं ते सांग."

निघालो. बोगदा आला. काकूंनी पिशवी छातीशी धरली होती आणि नजर काट्यावर होती. डॅशबोर्डवर टर्बोचं वेगळं मीटर होतं, हवेचा जोर किती ते सांगणारं. ते बघायचं काम माझं.

"काकू, आता काटा चढायला हवा. हवा जितकी चढेल तितका. चारपर्यंत." मी पाय दाबला. हवेचं मीटर झपकन वर गेलं. "किती?"

"अडीच."

ठकठकठकठक. काकूंच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण डोळे हलले नाहीत.

"आता?"

"अडीच. हलतच नाहीये गं."

मी पाय उचलला आणि गाडी मूर्तीशेजारी कडेला घेतली. हवा चढली होती. पेट्रोलला मात्र त्याची खबरच नव्हती. हवा ओरडून सांगत होती आणि झडपेला ऐकू येत नव्हतं. आणि हवेचा निरोप नेणारी होती ती एकच काडीएवढी नळी.

बॉनेट उघडलं. नळीवरून बोट फिरवत गेले. दोरीपाशी बोट अडखळलं. पांढऱ्या कागदाच्या खाली रबर इतकं आवळलं होतं की नळी चपटी झाली होती. काटा म्हातारं माणूस जिना उतरतं तसा का उतरत होता, ते तेव्हा कळलं. मीटर जुनं नव्हतं. नळीतून सुईएवढी वाट उरली होती. गाडी नुसती उभी असताना तेवढ्यातून काम हळूहळू भागत होतं, म्हणून गॅरेजात सगळं ठीक दिसायचं. एकदम पाय दाबला की निरोप पोचायचाच नाही. आणि आम्ही गॅरेजवाले तपासायच्या वेळी नळीच उपसून ठेवत होतो.

"काकू, भूत सापडलं."

त्यांनी वाकून बघितलं. हे त्यांना दोन वाक्यांत समजावलं. मग मी थांबले. दोरी कापायला माझा हात पुढे होईना. सांगायला लाज वाटते, पण ठकठक अजून कानात होती, आणि मंतरलेली दोरी कापायची म्हणजे काय, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं.

काकूंनी पिशवीतून लाळेरं शिवायची छोटी कात्री काढली. "सरक," म्हणाल्या. दोन वेळा कच कच केलं आणि दोरी निघाली. मी नळी चोळून गोल केली.

खाली गेलो, वळलो, पुन्हा बोगदा. या खेपेला भीती जास्त होती. पहिल्यांदा खोटं ठरण्याची भीती नव्हती, आता होती.

"वाचा."

"तीन," काकू म्हणाल्या. "साडेतीन. शिहो, चढतोय. चार."

गाडी सणाणत वर गेली. आत फक्त इंजिन होतं. मी चढाच्या माथ्यावर जाऊन थांबले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शेजारी काकू हुंदके देत होत्या. "तो नव्हता," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तो नव्हता गं."

*

रविवारी समाधीपुढे तोबा गर्दी होती. कुदळ घेतलेले दोन गडी, शंख, धूप, आणि गुरुजींचं सुरू होतं की आज पाचव्या कंपनाचं दार उघडेल आणि ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी मागे उभं राहावं. मी पुढे गेले. गावाच्या तोंडावर उलटं बोलणं आमच्याकडे भुतापेक्षा अवघड असतं.

"कुरातानी-सान," मी म्हटलं, "कुदळ मारायच्या आधी एक काम करा. ही नळी फुंका."

मी तोमोहारूच्या गाडीची कापलेली दोरी तशीच जुन्या नळीच्या तुकड्यावर, त्याच गाठीने, त्याच घट्टपणे बांधून आणली होती. कुरातानी-सान गोंधळले, पण भला माणूस, फुंकली. गाल फुगले, चेहरा लाल झाला. हवा जाईना.

"आता ही." दुसरी, मोकळी. सुर्रकन गेली.

"हा इंजिनाचा निरोप्या आहे," मी म्हटलं. "याचा गळा आवळला की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आतून ठोकतं. ठकठक त्याची आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाड्या बाहेर उभ्या आहेत. आपापली नळी काढा आणि फुंकून बघा."

"अश्रद्ध माणसाच्या फुंकरीत प्राण नसतो," गुरुजी म्हणाले. "नाडीतून प्राण वाहतो, हवा नाही. ज्यांना अंतर्दृष्टी नाही—"

"गुरुजी, फुंकायला अंतर्दृष्टी कशाला?" मागून पोस्टातला पोरगा म्हणाला, पिस्टनला भोक पडलेला. आणि तो गाडीकडे चालायला लागला.

त्याच्या मागे सगळी पोरं गेली. थोड्या वेळात समाधीबाहेरच्या रस्त्यावर वीसेक जण गाल फुगवून रबरी नळ्या फुंकत उभे होते. हसू यावं असं दृश्य होतं, पण कुणी हसत नव्हतं. बहुतेकांच्या नळ्या बंद होत्या. चौघांच्या उघड्या निघाल्या. ते चौघे एकमेकांकडे बघायला लागले. त्या चौघांनी गुरुजींना पैसे देऊन मोठी शांतीपूजा करून घेतली होती. त्यांच्याच दोऱ्या सैल होत्या.

तोमोहारू परत येऊन गुरुजींपुढे उभा राहिला. "गेल्या रविवारी तुम्ही दोरी सोडून परत बांधलीत आणि गाडी शांत झाली. मग मला परत बोलावून पुन्हा हात लावलात. आणि घरी जाताना परत ठकठक. गुरुजी, मी त्या गाडीत बसलो होतो. इंजिन दरीच्या कडेला बंद पडलं असतं तर?"

गुरुजींनी शंख तोंडाला लावला, पण वाजवला नाही. गोंडे सावरत ते गर्दीतून वाट काढायला लागले. नंतर कळलं की घाटापलीकडच्या एका गॅरेजात ते पूर्वी इंजिनं उघडायचे. मंत्र मागून शिकले. नळी कुठली, हे आधीपासून माहीत होतं.

कुरातानी-सान हात्सुए काकूंपुढे वाकले. त्यांच्या मागे सगळं गाव वाकलं.

"माझा मुलगा रागीट होता," काकू म्हणाल्या. "पण कुणाला घाबरवायला त्याने कधी दार ठोठावलं नाही. तो गेला त्या सकाळी धुकं होतं आणि रस्त्यात हरीण आलं. पोलिसांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याने हरणाला वाचवायला गाडी वळवली. हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांत त्या जागी हरणांची पाटी कुणी लावली नाही. दोऱ्या मात्र प्रत्येकाने बांधल्या."

कुणी मान वर केली नाही. मीसुद्धा.

पाटी त्याच आठवड्यात लागली. कलश जागेवर आहे, मूर्ती जागेवर आहे. मी आता पेट्रोलचा दाब गॅरेजात बघते आणि मग घाटात नेऊन पुन्हा बघते, आणि गिऱ्हाईकाला विचारून ताईताखालीही बघते. माझं सांगणं एवढंच आहे. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटते, त्यात लाज नाही. पण भीती जिथे वाटते तिथेच जाऊन, डोळे उघडे ठेवून, माप घ्या. आणि जो माणूस माप घ्यायला मनाई करतो, त्याच्या हातात आधी काय आहे ते बघा.

परवा काकूंना मूर्तीपाशी सोडायला गेले होते. तोमोहारूची गाडी बोगद्यातून सणाणत आली. आम्हाला बघून त्याने सवयीने पाय उचलला, मान झुकवली आणि मग ओशाळला. गाडी थांबवून म्हणाला, "सॉरी, काकू. सवय जात नाही हो. आता नाही करणार."

काकू नवं लाळेरं बांधत होत्या. त्यांनी गाठ मारली आणि मागे न बघता म्हणाल्या, "नाही कसं? इथे पाय उचलायचाच. रेन्जीसाठी नाही रे. हरणांसाठी."